वानप्रस्थाचा परवाना

आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरताना आम्हांस विचारले होते : मुलाकडे जाऊन दोन वर्षे राहावयाचे आहे, तर प्रवासाचे कारण 'भेट' म्हणावे की 'मुक्काम'? जन्मभर शब्दार्थ शिकविलेल्या सरांचा हा प्रश्न त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेला. पुढे ध्यानात आले की, वृद्धांच्या परदेशवासाचा गेल्या चार दशकांचा इतिहास बव्हंशी या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच घडला आहे.

उतारवयात गाव सोडणे आपल्याला नवीन नाही. काशीवासासाठी निघालेल्या मराठी माणसाला वाटखर्चाची आणि वाटमारीची चिंता असे; 'किती दिवस राहणार?' असे मात्र त्याला कोणी दरडावून विचारीत नसे. पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र जगभर पालटले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला पासपोर्टविषयक परिषद भरली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा झाला. युद्धकाळातील तात्पुरती तपासणी कायमची झाली. तथापि या व्यवस्थेने प्रवाशाचे जे वर्ग कल्पिले, त्यांत व्यापारी होता, मजूर होता, विद्यार्थी होता. काम संपलेल्या माणसासाठी वेगळा रकाना क्वचितच होता.

हा रकाना आशियात ठळकपणे दिसू लागला तो १९८० च्या दशकात. फिलिपिन्सने १९८५ मध्ये परकीय निवृत्तांना वसविण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले. १९८६ मध्ये जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने 'सिल्व्हर कोलंबिया' ही योजना मांडली : येन वधारला आहे, तेव्हा निवृत्त जपानी जोडप्यांसाठी परदेशांत वसाहती उभाराव्यात. जपान आता म्हाताऱ्यांचीही निर्यात करणार काय, अशी टीका झाली आणि योजना आवरती घ्यावी लागली. मात्र १९९२ मध्ये तिथे 'लाँग स्टे'च्या प्रसारासाठी एक प्रतिष्ठान निघाले. सहलीहून लांब, स्थलांतराहून तोकडा आणि शेवटी मायदेशी परतण्याचा हेतू गृहीत धरणारा असा हा निवास. सरांना जो शब्द सापडत नव्हता, तो जपान्यांनी इंग्रजीतून घडवून घेतला होता.

मलेशियाने १९९६ मध्ये 'सिल्व्हर हेअर' ही योजना काढली. २००२ मध्ये तिचेच 'मलेशिया, माय सेकंड होम' असे नामांतर झाले. नावातून पिकले केस गेले आणि घर आले, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. परंतु हे घर अटींवर उभे होते. २०२१ मध्ये मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेण्यात आली. २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले. थायलंडमध्ये वयाची पन्नाशी आणि बँकेत ८ लाख बात किंवा दरमहा ६५ हजार बात उत्पन्न, अशी प्रचलित अट आहे. तरीही मुदत वर्षाचीच, आणि दर ९० दिवसांनी आपला ठावठिकाणा कळवायचा. थैली दाखवून दार उघडते; पण आत आलेला मनुष्य पाहुणाच राहतो.

हे झाले धनाचे दार. दुसरे दार नात्याचे, आणि मराठी घरांचा संबंध मुख्यतः त्याच्याशी येतो. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने सज्ञान नागरिकाच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेतून वगळले. इतरत्र हे दार आकसत गेले. कॅनडाने २०११ मध्ये आईवडिलांच्या कायम वास्तव्याचे नवे अर्ज घेणे काही काळ थांबविले आणि त्याऐवजी 'सुपर व्हिसा' दिला : एका खेपेस दोन वर्षे, २०२२ पासून पाच; मुलाच्या उत्पन्नाची आणि आरोग्यविम्याची अट सोबत. ब्रिटनने २००८ मध्ये सधन निवृत्तांचा वर्ग नव्या अर्जदारांसाठी बंद केला. आणि २०१२ पासून अपत्याकडे राहू पाहणाऱ्या मातापित्यांना हे सिद्ध करावे लागते की, दैनंदिन गरजांसाठी लागणारी शुश्रूषा, मुलाने पैसे पाठवूनही, मायदेशी मिळू शकत नाही. म्हणजे धडधाकट आईला मुलगा असणे पुरेसे नाही. तिने आधी परावलंबी व्हावयास हवे. ऑस्ट्रेलियात तर नात्याच्या दारातच धनाचे दार बसविले आहे : २००३ पासून माणशी मोठे शुल्क भरणाऱ्या पालकांची रांग वेगळी, न भरणाऱ्यांची वेगळी. आज ते शुल्क ४० हजार डॉलरांहून अधिक आहे, आणि दुसऱ्या रांगेतील प्रतीक्षा तीस वर्षांच्या घरात. साठीच्या माणसाला तीस वर्षे थांबा म्हणणे हा नकाराचाच सभ्य प्रकार होय.

यजमान देशांचीही बाजू आहे. वृद्धांच्या औषधोपचाराचा भार त्यांच्या करदात्यांवर पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेबाच्या या भाषेत वृद्ध मनुष्य एकतर ठेव असतो किंवा खर्च. नातवंडांना सांभाळणारी आजी यांपैकी कोणत्या रकान्यात बसते?

वानप्रस्थाची जुनी कल्पना घर सोडून वनात जाण्याची होती, आणि त्यासाठी स्वतःच्या मनाखेरीज कोणाची परवानगी लागत नव्हती. आजचा वानप्रस्थी मुलाच्या घरी जाऊ इच्छितो, आणि परवाना लागतो तो घरासाठी.

सरांनी अखेर 'भेट' असेच लिहिले. शब्द नियमाला धरून होता; फक्त खरा नव्हता.