साठ सेंटिमीटरचा रस्ता

आधी टोपी सांभाळा. कॅबचं छत ठेंगणं आहे आणि तुम्ही आजच्या उंचीचे आहात. साल 1917, महिना ऑक्टोबर. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या पश्चिमेला, पावसात भिजत उभ्या असलेल्या एका छोट्या इंजिनावर तुम्ही चढला आहात. अंगात ब्रिटिश सैन्याचा खाकी गणवेश आहे आणि हातात फावडं. आज रात्री तुम्ही फायरमन.

ड्रायव्हर पन्नाशीकडे झुकलेला, बोलायला तुटक. लढाईआधी इंग्लंडमधल्या एका रेल्वेत मोठी इंजिनं चालवायचा. तुमच्याकडे न बघताच तो म्हणतो, "दार उघडायचं, दोन फावडी टाकायची, दार लावायचं. जेवढा वेळ ते उघडं राहील तेवढा वेळ वरची वाफ लाल दिसते. समोरचे लोक आंधळे नाहीत."

कॅबच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री सोडलेली आहे ती याचसाठी. आत भट्टीची धग आणि बाहेर गार पाऊस. तुमची पाठ भाजते आणि गुडघे गारठतात.

इंजिन अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात बनलेलं. वजन साडेचौदा टनांच्या आसपास, चालकचाकं दोन फुटांपेक्षाही लहान, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. ब्रिटिश कारखान्यांच्या हातात आधीच इतकं काम होतं की लीड्सच्या हन्स्लेट कंपनीची इंजिनं पुरेनात. मग लष्कराने समुद्रापलीकडे मागणी नोंदवली. बाल्डविनने 1916-17 मध्ये अशी 495 इंजिनं पाठवली, 501 ते 995 क्रमांकांची. इतक्या घाईत इतकी एकसारखी इंजिनं मिळाल्याबद्दल कारखान्याचे आभार मानायला हरकत नाही. पण हे इंजिन ज्यांना चालवावं लागतं, ते फारसे आभार मानत नाहीत. का, ते थोड्या वेळात कळेलच.

रुळांकडे बघा. दोन रुळांमधलं अंतर 60 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांइतकंच, जेमतेम एक सेंटिमीटर कमी. रूळ मीटरला दहा किलोच्या आसपास. आज आपल्या मेन लाइनवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात. इथे मात्र लोखंडी स्लीपर आधीच जोडलेले पाच-पाच मीटरचे तुकडे माणसं खांद्यावरून आणतात आणि चिखलावर मांडत जातात. ही कल्पना फ्रेंच, शेतातला बीट वाहून नेण्यासाठी डेकोव्हिल कंपनीने रूढ केलेली. फ्रेंच आणि जर्मन सैन्यांनी ती लढाईच्या कितीतरी आधी उचलली होती. ब्रिटिश सेनापतींना मात्र वाटत होतं की लॉऱ्या असताना असल्या खेळण्यांची गरज काय. 1916 च्या उन्हाळ्यात सोमच्या लढाईत लॉऱ्यांनी रस्त्यांचा चिखल केला आणि तोफा गोळ्यांवाचून ताटकळल्या. मग नॉर्थ ईस्टर्न रेल्वेतून एरिक गेडिस नावाचा नागरी अधिकारी बोलावला गेला. त्याने हिशेब मांडला आणि रूळ पडू लागले. आता, वर्षभरानंतर, या छोट्या रेल्वेवरून आठवड्याला दोन लाख टनांच्या घरात माल जातो. सैन्याला पटायला एक पराभवासारखी लढाई लागली, हे मला तरी सगळ्यात लाजिरवाणं वाटतं.

शिट्टी नाही. ड्रायव्हर रेग्युलेटर हळूच ओढतो आणि मागच्या वाघिणी एकेक करत खडखडतात. प्रत्येक मोठ्या वाघिणीवर सुमारे दहा टन. आज माल म्हणजे सहा इंची हॉवित्झरचे गोळे, एकेक 45 किलोचा. ते इंग्लंडमधल्या कारखान्यातून ब्रॉडगेजसारख्या रुंद रुळांवरून आरामात बंदरात आले, जहाजातून उतरले, पुन्हा रुंद रुळांवरून पॉपरिंग गावाच्या मागे आले आणि तिथे तुमच्या गाडीत चढले. खरी अडचण इथून पुढच्या काही मैलांची आहे.

वेग माणसाच्या चालण्यापेक्षा जरासाच जास्त. इंजिन डावी-उजवीकडे डुलतं. टाक्या भरलेल्या असल्या की वजन वर येतं आणि वळणावर पोटात गोळा येतो. तुम्ही दांडा घट्ट धरता. "टाकी अर्धी झाली की बरं चालतं," ड्रायव्हर म्हणतो, "पण मग पाणी संपतं."

पाणी संपतंच. रस्त्याकडेला एका मोठ्या गोळ्याने केलेला खड्डा पावसाने भरलेला आहे. टाकीला गुंडाळलेला रबरी पाइप तुम्ही सोडता, टोक खड्ड्यात टाकता. ड्रायव्हर वाफेची कळ फिरवतो आणि वाफ पाणी वर ओढू लागते. पाइपाच्या जाळीवर काहीतरी अडकतं. हाताने काढून टाका, काय आहे ते बघू नका. कोळशाचं तसं नाही, तो बंकरमध्ये असतो. पण टाक्यांत पुरेसं पाणी मावत नाही, म्हणून हा जुगाड प्रत्येक इंजिनावर बसवलेला आहे.

पुढे ईप्र येतं. मध्ययुगीन कापडबाजाराच्या इमारतीच्या भिंतींचे सुळके उरलेत. आभाळात प्रकाशगोळे चढतात आणि हिरवट उजेडात हे सगळं क्षणभर दिसतं. तोफांचा आवाज इतका सलग आहे की तो आवाज वाटतच नाही. जुलैअखेर ब्रिटिशांचा हल्ला सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांत इथून चाळीस लाखांहून जास्त गोळे डागले गेले. त्यांनी शत्रूचे खंदक तर फोडलेच, शिवाय या सपाट प्रदेशाचे ओढे आणि पाण्याचे चर फोडले. मग पाऊस आला. पॅशेनडेलच्या टेकडीकडे जाणारा चिखल त्या गोळ्यांनीच बनवला आहे आणि तुम्ही आणखी गोळे घेऊन निघाला आहात.

धाड! तिसरी वाघीण रुळांवरून उतरते.

कोणी ओरडत नाही, हे रोजचं आहे. खाली उतरा. जॅक, पहार, लाकडी ठोकळे, तिरपे लोखंडी पाट, सगळं इंजिनाबरोबरच असतं. चिखलात जॅक टेकवायला आधी फळी लागते आणि फळीही बुडते. अर्धा तास झाला तर ठीक. चाक रुळावर येतच नसेल तर गोळे उतरवायचे आणि वाघीण कडेला उलटवून द्यायची, कारण मागे दुसरी गाडी येते आहे. आज ती चढते. ड्रायव्हर पाइप पेटवत नाही, नुसता दातांत धरतो.

मग थांबा येतो. वाफेचं इंजिन इथून पुढे जात नाही. दिवसा धूर दिसतो, रात्री ठिणग्या दिसतात, म्हणून बेडफर्डमध्ये बनलेले सिम्प्लेक्सचे पेट्रोल ट्रॅक्टर पुढे उभे आहेत. ते दोन-दोन वाघिणी घेऊन जातील. हलक्या मैदानी तोफांचे गोळे नेणाऱ्या गाड्यांची पुढची वाट आणखी अरुंद होते. रूळ संपले की खेचरं, एकेका खेचराच्या पाठीवर असे आठ गोळे. आणि जिथे खेचरही पोटापर्यंत रुततं, तिथे माणूस. साडेचौदा टनांचं इंजिन ते एका माणसाची पाठ, सगळं एका रात्रीत आणि काही मैलांत.

टेकडीपलीकडे जर्मनांचीही हीच व्यवस्था आहे. त्यांची आठ चाकांची ब्रिगेडलोक इंजिनं अडीच हजारांहून जास्त बनली. पहिला आणि शेवटचा आस क्लिन-लिंडनर पद्धतीचा, वळणावर स्वतःच वळणारा. नेरळहून माथेरानला जाण्यासाठी 1907 मध्ये बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने पाठवलेल्या इंजिनांतही हीच पद्धत होती. सहल आणि संहार, दोन्हींना घट्ट वळणं लागतात.

तुमच्या बाल्डविनचं मात्र उलटं. पुढे छोट्या चाकांची बोगी आहे, मागे काही नाही. पुढे जाताना बोगी वाट दाखवते. उलटं पळवलं तर मागचं टोक रूळ सोडायला टपलेलं. पुढे आलेल्या अमेरिकन अल्को इंजिनांत मागेही चाकं बसवली, तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला. तुम्हाला मात्र परतीआधी त्रिकोणी रुळांवर इंजिन फिरवून घ्यावं लागतं. मग रिकाम्या वाघिणींवर जखमी चढवले जातात. बसू शकतात ते बसतात, बाकीचे आडवे. आता फावडं जरा सावकाश, वेगही सावकाश. प्रत्येक जोडावर मागून एक कण्हणं येतं.

उजाडायच्या आत पोहोचता. ड्रायव्हर शेगडीतली राख खाली पाडतो, तुम्ही उकळत्या पाण्याचा चहा करता. तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून राहवत नाही. लढाई संपल्यावर यातली काही इंजिनं हिंदुस्थानात जातील, उत्तरेतल्या साखर कारखान्यांचा ऊस ओढतील, पुढे त्यातली एखाद-दोन इंग्लंडला जाऊन उत्साही लोकांच्या रेल्वेवर धावतील, असं तुम्ही सांगून टाकता.

तो तुमच्याकडे बराच वेळ बघतो.

"तिथली जमीन कशी?"

"सपाट."

"मग चालेल," तो कप रिकामा करत म्हणतो. "पण उलटं पळवू नका म्हणावं."