चर्चचे नियतकालिक आणि मुक्ताचा निबंध : ‘ज्ञानोदय’ कसे वाचावे?

१/
१५ फेब्रुवारी १८५५. ‘ज्ञानोदय’ या मराठी पाक्षिकात एका निबंधाचा पूर्वार्ध प्रसिद्ध झाला. उत्तरार्ध १ मार्चच्या अंकात आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लेखिका होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून आज या निबंधाकडे पाहिले जाते. तो छापणारे नियतकालिक मात्र अमेरिकन मिशनचे होते, आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतू होता. आजचा धागा या नियतकालिकाविषयी, आणि ज्याचा हेतू आपल्याला आधीच ठाऊक आहे असे साधन कसे वाचावे, याविषयी.

२/
आधी भूगोल. ‘ज्ञानोदय’ जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सुरू झाले. गेवराईहून पश्चिमेस निघाले की शेवगाव लागते आणि पुढे नगर. आज हा प्रवास दोन शेजारच्या जिल्ह्यांमधला आहे. १८४२ साली मात्र तो दोन राज्यांमधला होता. नगर कंपनी सरकारच्या अमलाखाली आणि गेवराई निजामाच्या राज्यात. भाषा एक, राज्ये दोन. मराठवाड्याच्या या काठावरून पाहिले तर मराठी पत्रकारितेच्या आरंभीचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबई-पुण्याहूनही जवळ होते.

३/
हे मिशन आले कोठून? अमेरिकेतील एका मिशनरी मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. कंपनी सरकारला प्रारंभी त्यांचे येणे रुचले नव्हते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना भारतात काम करण्याची वाट मोकळी केली. काही वर्षांतच या मिशनने मुंबईत छापखाना उभारला, आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे सुरू केले. शाळा, प्रवचन आणि छापील कागद या तीन साधनांवर त्यांच्या कार्याची सारी मदार होती.

४/
मराठी पत्रकारिताही तेव्हा बाल्यावस्थेत होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये आले. त्यानंतरच्याच वर्षी हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादनाखाली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. म्हणजे पहिल्या मराठी वृत्तपत्रानंतर अवघ्या दहा वर्षांत, आणि तेही मुंबईबाहेरच्या एका गावी. काही वर्षांतच त्याचा मुक्काम मुंबईस हलला. प्रारंभी ते मासिक होते. १८५५ पर्यंत ते पाक्षिक झाले होते, हे मुक्ताच्या निबंधाच्या दोन तारखांवरूनच दिसते. पुढे ते साप्ताहिकही झाले.

५/
येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये ‘पॅरिश मॅगझिन’ हा प्रकार रूढ होण्याचे श्रेय जॉन अर्स्किन क्लार्क या धर्मोपदेशकाला दिले जाते. डर्बी येथे जानेवारी १८५९ मध्ये त्याने ते सुरू केले. त्याची युक्ती सोपी होती. मधली पाने सर्वांसाठी एकच, एकदाच छापलेली; बाहेरची पाने प्रत्येक चर्चने आपापली छापावयाची. त्यांत बाप्तिस्मे, विवाह, मृत्यू, वर्गण्या आणि सभांच्या सूचना असत. ‘ज्ञानोदय’ त्याच्या सतरा वर्षे आधीचे. शिवाय ते एका चर्चच्या कुंपणात राहिले नाही. जो चर्चमध्ये येत नाही, तोच त्याला हवा असलेला वाचक होता.

६/
हा मुद्दा कळीचा आहे. आपल्याच सभासदांसाठी निघणाऱ्या पत्रकाला कोणाचे मन वळवावयाचे नसते. ‘ज्ञानोदया’ला ते वळवावयाचे होते. केवळ उपदेश छापला असता तर वर्गणी भरून तो वाचणार कोण? म्हणून धर्मविषयक लेखांच्या जोडीला भूगोल, खगोल, यंत्रे, देशोदेशीच्या वार्ता आणि वाचकांची पत्रे आली. लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे देणाऱ्या पहिल्या काही मराठी नियतकालिकांत त्याची गणना होते. नावही असे निवडले की त्यात धर्माचा उल्लेख नाही, ज्ञानाचा आहे.

७/
अर्थात हे ज्ञान निर्हेतुक नव्हते. ग्रहणाची शास्त्रीय उपपत्ती सांगितली की राहू-केतूची कथा आपोआप डळमळते, आणि पृथ्वीचा भूगोल सांगितला की पुराणांतील सप्तद्वीपांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. विज्ञानाचा लेख हा अशा रीतीने धर्मखंडनाचा पूर्वरंग असे. गंमत अशी की त्याच भूगोलाने आणि खगोलाने मराठी तरुणांच्या मनात जी चिकित्सा जागी केली, ती सर्वांनाच बाप्तिस्म्याकडे घेऊन गेली नाही. अनेकांनी ती चिकित्सा घेतली आणि बाप्तिस्मा नाकारला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले हे त्याचे ठळक उदाहरण होय.

८/
विरोधही तितकाच प्रखर होता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देण्यासाठी ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक चालविले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. मराठी गद्याला युक्तिवादाची धार येण्यात या झुंजीचा वाटा मोठा आहे.

९/
मराठवाड्याच्या वाचकांसाठी एक दुवा : याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालना हे आपले कार्यक्षेत्र केले आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. ती ओलांडली की जालन्याची वाट. पश्चिमेस नगरचे अमेरिकन मिशन, उत्तरेस जालन्याचे स्कॉटिश मिशन. आपला तालुका या दोहोंच्या मधला.

१०/
आता छपाईकडे वळू, कारण नियतकालिकाचा इतिहास हा खिळ्यांचाही इतिहास असतो. तेव्हा रोजचे व्यवहार मोडीत चालत. छापखान्याने बाळबोध लिपीला बळ दिले. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइप सुबक करण्यासाठी परिश्रम घेतले. त्याच छापखान्यात एक गरीब मुलगा काम शिकला : जावजी दादाजी. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आणि देखण्या आवृत्त्यांसाठी ‘निर्णयसागर’ देशभर नावाजला. ज्या हातांनी मिशनचे खिळे हाताळले, त्याच हातांनी पुढे वेदपुराणांची पाने सजली.

११/
आता नगरच्या शाळा. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिली. जोतीरावांनी तिची शाळा पाहिली होती. ती पाहून पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार दृढ झाला, ही त्यांची स्वतःची साक्ष आहे, आणि ती सप्टेंबर १८५३ च्या ‘ज्ञानोदया’तच नोंदलेली आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात उघडलेल्या शाळेचा एक धागा असा नगरपर्यंत जातो. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते.

१२/
या पार्श्वभूमीवर मुक्ताचा निबंध पुन्हा पाहू. वेद केवळ ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा मूळ प्रश्न आहे. पेशवाईतील अत्याचार, अस्पृश्य स्त्रियांना बाळंतपणातही न मिळणारा निवारा, व्यापार-उदीमाची बंद दारे, हे सारे ती मांडते. जिथे मांग आणि महार एकमेकांना उच्च-नीच मानतात, तिथेही ती बोट ठेवते. आणि अखेरीस आपल्या लोकांना विद्येची वाट धरावयास सांगते. सांत्वन मागणारा सूर कोठेही नाही. ती जाब विचारते.

१३/
हा निबंध ‘ज्ञानोदया’ने का छापला? उत्तर अवघड नाही. हिंदू समाजव्यवस्थेवरील इतका भेदक आरोप, तोही त्या व्यवस्थेने चिरडलेल्या मुलीच्या लेखणीतून, हा मिशनच्या युक्तिवादाला बळ देणारा होता. म्हणून काही जण म्हणतात की हे मिशनरी प्रचारसाहित्य आहे, त्यावर विश्वास कसा ठेवावा? तर काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘ज्ञानोदया’ला निखळ समाजसुधारक पत्र ठरवून मोकळे होतात. दोन्ही वाचने आळशी आहेत, कारण दोहोंमध्ये अंक उघडावा लागत नाही.

१४/
अंक उघडला की काय दिसते? छापणाऱ्याचा हेतू आणि लिहिणारीचा हेतू वेगळे आहेत. मुक्ता ख्रिस्ती होण्याची इच्छा प्रकट करीत नाही; आपला धर्म कोणता, हे ती ईश्वरालाच विचारते. संपादकाला जे उत्तर हवे होते ते तिने दिलेले नाही. तिने प्रश्न उघडाच ठेवला आहे. प्रसारकाच्या पानांवर प्रसारकाचे म्हणणे न मांडणारा आवाज टिकून राहिला, तो अशा रीतीने. साधनाचा हेतू समजला म्हणजे साधन निकालात निघत नाही. त्यातील कोणते शब्द हेतूला धरून आहेत आणि कोणते हेतूच्या बाहेर जातात, हे पाहण्याची दृष्टी मिळते.

१५/
आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. या निबंधाला त्या काळी दुसरी जागा कोठे होती? मराठी नियतकालिकांचे चालक, लेखक आणि वर्गणीदार प्रामुख्याने उच्चवर्णीय होते. लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’ना ‘प्रभाकर’ने जागा दिली, ही मोठीच गोष्ट. पण तो घरातून झालेला हल्ला होता. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मुलीचा निबंध छापावयाचा, तर त्या घराशी ज्याला हिशेब ठेवावयाचा नाही असा संपादक लागत होता. परकेपणामुळे मिशनला मराठी समाज पुष्कळदा कळला नाही, आणि त्याच परकेपणामुळे हे दार उघडू शकले.

१६/
‘ज्ञानोदय’ परके राहिले का? नाही. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. येशूची भक्ती अभंगाच्या चालीत आणि मराठी संतांच्या वळणावर व्हावी, हा त्यांचा आग्रह. ज्या नियतकालिकाने सत्तर वर्षांपूर्वी हिंदू परंपरेचे खंडन आरंभिले, त्याच्याच संपादकपदी आता तुकोबांशी नाते सांगणारा कवी बसला होता. शीर्षक तेच, पण बोलणारा बदलला होता. म्हणून ‘ज्ञानोदय म्हणतो’ असे लिहिताना वर्ष आणि संपादक सांगणे अनिवार्य आहे.

१७/
हीच परंपरा विसाव्या शतकात वसईस वेगळ्या रूपात दिसते. तेथील कॅथलिक समाजाचे ‘सुवार्ता’ हे मासिक १९५५ मध्ये सुरू झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाच्या काळात, १९८३ ते २००७ या वर्षांत, ते चर्चच्या चौकटीपलीकडे गेले. वसईचा हिरवा पट्टा वाचविण्याच्या लढ्याशी आणि मराठी साहित्याशी त्याने नाते जोडले. जानेवारी २०२० मध्ये दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलन भरले होते उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवात, बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात.

१८/
शेवटी तरुण अभ्यासकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कोणत्याही संस्थेचे जुने नियतकालिक हाती आले, मग ते चर्चचे असो, मठाचे असो, जातिसंस्थेचे असो वा साखर कारखान्याचे, तर अग्रलेखाआधी चार जागा पाहा : संपादकाचे नाव, वर्गणीचा दर, वाचकांची पत्रे आणि जाहिराती. संस्थेला काय म्हणावयाचे होते, हे अग्रलेख सांगतो. ते कोणी ऐकले, कोणी नाकारले आणि खर्च कोणी भागविला, हे या चार जागा सांगतात.

१९/
आणि असे अंक रद्दीत जाऊ देऊ नका. स्मरणिका, पत्रके, वार्षिकांक ही पुस्तके नव्हेत म्हणून ग्रंथालये त्यांना कपाट देत नाहीत, आणि घरे त्यांना माळ्यावर टाकतात. वाळवी संपादकाचा हेतू पाहत नाही. मुखपृष्ठापासून अखेरच्या जाहिरातीपर्यंत प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, तारीख आणि अंक क्रमांक नोंदवा, आणि प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला दाखवा. मुक्ता साळवेचे एक पुस्तकही कधी निघाले नाही. तिचे जे काही आपल्यापर्यंत पोहोचले, ते एका पाक्षिकाच्या दोन अंकांतून. त्या दोन अंकांची पाने हरवली असती, तर ती मुलगी आपल्याला ठाऊकच झाली नसती.

(धागा समाप्त. आपल्या गावातील जुन्या संस्थात्मक नियतकालिकांची माहिती असल्यास अवश्य लिहा. शक्य तितक्या नोंदी पुढील धाग्यात एकत्र करू.)