ओकिनोशिमा : अंतराचा इतिहास

जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, कोरियाकडे जाणाऱ्या प्राचीन सागरी मार्गावर, ओकिनोशिमा नावाचे लहानसे बेट आहे. त्याचा परीघ जेमतेम चार किलोमीटर, उंची २४३ मीटर. हे संपूर्ण बेटच देवस्थान मानले जाते. तेथे सर्वसामान्यांना पाऊल ठेवता येत नाही. दर्शन घ्यायचे ते दुरूनच.

‘कोजिकी’ (७१२) आणि ‘निहोन शोकी’ (७२०) या ग्रंथांत मुनाकाताच्या तीन भगिनीदेवतांची कथा येते. त्यांपैकी एकीचे स्थान ओकिनोशिमावर, दुसरीचे किनाऱ्याजवळच्या ओशिमा बेटावर आणि तिसरीचे क्यूशूच्या भूमीवर आहे. तिसरी देवता, इचिकिशिमाहिमे, पुढे बेन्झाइतेनशी एकरूप मानली गेली. बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोहोचलेली आपली सरस्वती होय.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून नवव्या शतकापर्यंत, कोरिया व चीनकडे जाणाऱ्या नौकांच्या सुखरूप प्रवासासाठी ओकिनोशिमावर विधी होत असत. आरंभी ते प्रचंड शिळांच्या माथ्यावर होत, नंतर शिळांच्या आडोशाला आणि अखेरीस उघड्या जमिनीवर. अर्पण केलेल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. १९५४ ते १९७१ या काळात तीन टप्प्यांत झालेल्या उत्खननांतून सुमारे ८०,००० वस्तू हाती आल्या. त्यांत कांस्याचे आरसे, कोरियन द्वीपकल्पातील सोन्याची अंगठी, चीनमधील तांगकालीन तिरंगी भांड्यांचे तुकडे आणि थेट इराणातून आलेल्या काचपात्राचे अवशेषही आहेत. पूर्व आशियाच्या देवघेवीचा असा सलग पुरावा क्वचितच कोठे सापडतो.

तो टिकला याचे मोठे श्रेय निषेधांना द्यावे लागते. बेटावरून गवताची काडीही आणायची नाही आणि तेथे पाहिले-ऐकले त्याची वाच्यता करायची नाही, असा दंडक होता. मात्र हे निषेध निरपवाद नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सैन्याचा तळ होता. उत्खनन हेही एका अर्थाने निषेधाचे उल्लंघनच; परंतु ते झाले नसते तर निषेधाने काय राखून ठेवले होते, हे आपल्याला कळले नसते. श्रद्धेने जपलेले ज्ञान श्रद्धेची मर्यादा ओलांडूनच हाती यावे, हा पेच इतिहासकाराला टाळता येत नाही.

दुसरा पेच अधिक बोचरा आहे. देवीच्या या बेटावर स्त्रियांना प्रवेश नाही. पुरुषांना मात्र वर्षातून एकदा, २७ मे रोजी, समुद्रात विवस्त्र स्नान करून तेथे जाता येई; १९०५ च्या त्सुशिमा येथील आरमारी लढाईच्या स्मृतीचा हा दिवस. अलीकडे ही संख्या सुमारे दोनशेपर्यंत मर्यादित होती. २०१७ नंतर हा प्रवेशही थांबला. आता पाळीपाळीने एक पुरोहित तेथे राहतो. सर्वसामान्य स्त्रीपुरुषांसाठी अंतर समान झाले खरे. पण बंदीमागचे मूळ तत्त्व बदलले, असे म्हणता येणार नाही. सर्वांनी राखलेले अंतर आणि काहींवर लादलेले अंतर यांतील भेद पावित्र्याच्या भाषेत झाकून जातो. देवीला वाहिलेल्या वस्तू मात्र क्यूशूवरील देवस्थानाच्या संग्रहालयात आल्या असून तेथे त्या कोणालाही पाहता येतात.

या दुरून घेतलेल्या दर्शनाला इतिहासात काय स्थान द्यावे, हा प्रश्न २०१७ मध्ये प्रत्यक्षच उभा राहिला. जागतिक वारशासाठी जपानने आठ स्थळे सुचविली होती. तज्ज्ञांच्या परिषदेने ओकिनोशिमा व लगतच्या खडकांपुरतीच शिफारस केली. क्राकोव येथील बैठकीत मात्र आठही स्थळे स्वीकारली गेली. त्यांत ओशिमाच्या उत्तर किनाऱ्यावरील दूरपूजेचे मंदिरही आहे. तेथून ओकिनोशिमा सुमारे ५० किलोमीटरवर. हवा स्वच्छ असेल तरच क्षितिजावर त्याची निळसर रेघ उमटते. एरवी भाविक हात जोडतात ते न दिसणाऱ्या बेटाला.

आपल्याकडचे कळसदर्शनही दुरूनच होते, पण कळसापाशी जाण्याची वाट सहसा पुढे असते. येथे वाट किनाऱ्यावरच संपते. म्हणून ओकिनोशिमाचा इतिहास केवळ शिळांखालच्या वस्तूंचा राहत नाही. त्या बेटाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या पिढ्यांचाही तो आहे. समितीच्या निर्णयाने किनाऱ्यावरच्या या माणसांना इतिहासात जागा मिळाली, हे त्याचे खरे महत्त्व.