त्वचेचा कर्करोग आणि डीप लर्निंग : यंत्राने कोणाची त्वचा पाहिली?

त्वचेच्या फोटोवरून कर्करोग ओळखणारे मॉडेल हा अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा आवडता विषय आहे. प्रोग्रॅम चालतो, ९० टक्के अचूकता दिसते आणि आपण खूश होतो. पण हा आकडा नीट वाचायचा असेल, तर त्यामागचा इतिहास माहीत हवा.

१. मुंबई, १९४५

गोऱ्या त्वचेत या कर्करोगाचे मुख्य कारण ऊन. त्यामुळे तो बहुधा चेहरा, हात अशा उघड्या भागांवर दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये वेगळेच चित्र मांडले. वर्षानुवर्षे घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणाने कमरेवर, म्हणजे झाकलेल्या भागावर, कर्करोग होत होता. यालाच 'धोती कॅन्सर' म्हणतात. पुढे साडीमुळे होणाऱ्या अशाच कर्करोगाचीही नोंद झाली. हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या प्रकारचा कर्करोग. रुग्ण कसा राहतो, काय नेसतो, हे पाहिल्यामुळे तो सापडला.

२. स्टॅनफर्ड, २०१७

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने १,२९,४५० चित्रांवर न्यूरल नेटवर्क शिकवले. नेटवर्क नवे नव्हते. रोजच्या वस्तूंच्या लाखो फोटोंवर आधीच शिकलेले मॉडेल त्यांनी त्वचेकडे वळवले. बायोप्सीने निदान पक्के झालेल्या चित्रांवर त्याची तुलना २१ त्वचारोगतज्ज्ञांशी केली. यंत्र त्यांच्या बरोबरीचे ठरले.

३. तुमचा डेटासेट, २०१८

तुमच्यापैकी बरेच जण वापरतात तो एचएएम १०००० डेटासेट २०१८ मध्ये आला. चित्रे १०,०१५, स्रोत व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड. त्यांतील ६,७०५ चित्रे साध्या तिळांची, तर मेलानोमाची फक्त १,११३. म्हणजे काहीही न शिकता प्रत्येक चित्राला 'तीळ' म्हणणारे मॉडेलही सुमारे ६७ टक्के अचूक ठरते, आणि एकही कर्करोग पकडत नाही!

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्यातील सात वर्गांत खोलवर पसरणाऱ्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमाला जागाच नाही. खानोलकरांनी नोंदवलेला रुग्ण या मॉडेलपुढे आला, तर बरोबर उत्तर देणे त्याला शक्यच नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा वर्ग जोडला गेला. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी विविध वर्णांच्या त्वचेची ६५६ चित्रे तपासली, तेव्हा सावळ्या व काळ्या त्वचेवर नावाजलेली मॉडेल अधिक चुकली.

४. आपल्यासाठी धडा

मी हे बीरगावात बसून लिहितो आहे. शेजारी उरला आणि सिलतरा येथील कारखाने आहेत. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना भाजणे नवे नाही, आणि भाजल्याच्या जुन्या व्रणावर अनेक वर्षांनी हाच कर्करोग उद्भवू शकतो. अशा कामगाराला मोबाइलवरील ॲपने 'धोका नाही' असे सांगितले आणि तो दवाखान्यात गेलाच नाही, तर? मॉडेलची चूक त्याला जिवावर बेतेल.

म्हणून प्रोजेक्टच्या अहवालात अचूकतेबरोबर प्रत्येक वर्गातील किती रुग्ण सुटले तेही लिहा. चित्रे कोणाच्या त्वचेची आहेत आणि कोणता आजार यादीतच नाही, तेही नोंदवा.

स्वाध्याय : तुमच्या भागातील कामधंदे व पेहराव पाहता कोणती चित्रे डेटासेटमध्ये असायला हवीत? पाच ओळींत लिहा.