यंत्राच्या पोटांतील माणूस



इ. स. १७७० मध्यें व्हिएन्ना येथें सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारांत केंपेलन नांवाच्या गृहस्थानें एक अद्भुत यंत्र आणलें. तुर्की पोषाख केलेली एक बाहुली पेटीमागें बसून भल्याभल्यांशीं बुद्धिबळें खेळे आणि बहुधा जिंके. १८०९ सालीं खुद्द नेपोलियन तिच्याशीं खेळला. या चमत्काराचें मर्म मात्र साधें होतें. पेटीच्या आंत एक निष्णात खेळाडू दडून बसलेला असे.

ही फसवणूक होती हें खरें. पण तिनें एक प्रश्न मागें ठेवला. यंत्र खेळतें तेव्हां वस्तुतः खेळतो कोण? १९९७ सालीं न्यूयॉर्क येथें 'डीप ब्लू' या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. त्याच्या पोटांत माणूस नव्हता, परंतु माणसाची विद्या होती. कोणत्या मोहऱ्याचें मोल किती, डावाचा आरंभ कसा करावा, हें जाणत्या खेळाडूंच्या साह्यानें त्याला पढविलेलें होतें.

२०१७ सालीं लंडनच्या 'डीपमाइंड' संस्थेनें ही शिदोरीही काढून घेतली. 'अल्फाझीरो' या आपल्या यंत्रास तिनें केवळ खेळाचे नियम दिले आणि स्वतःशींच खेळावयास बसविलें. आरंभीं तें वाटेल तशीं प्यादीं ढकली. पण प्रत्येक डावाच्या जयापजयावरून तें आपला अंदाज सुधारीत गेलें. आणि तें जसजसें सुधारे, तसतसा त्याचा प्रतिस्पर्धीही सुधारे, कारण तो तेंच होतें! हजारों शीघ्र गणकांच्या बळावर नऊ तासांत असे सुमारें ४ कोटी ४० लक्ष डाव झाले. माणसानें शतकानुशतकें घासूनपुसून सिद्ध केलेले कित्येक आरंभ त्याला आपले आपणच सांपडले. पुढें 'स्टॉकफिश' या अग्रगण्य प्रतिस्पर्ध्याशीं झालेल्या १,००० डावांत त्यानें १५५ जिंकले, ६ गमावले. बाकीचे बरोबरींत सुटले.

मग माणसाचें काम संपलें काय? तसें दिसत नाहीं. दोन प्रबळ यंत्रें मूळ मांडणीपासून खेळूं लागलीं, कीं बहुतेक डाव बरोबरींतच संपतात. म्हणून संगणकांच्या मोठ्या स्पर्धांत चालक मुद्दाम एका बाजूस जड जाणारा आरंभ निवडतात, आणि दोघांनाही आळीपाळीनें ती बाजू देतात. निर्दोष खेळांत रंग भरावयास माणसाला बाहेरून थोडा दोष घालावा लागतो. अडीचशें वर्षांपूर्वीं माणूस पेटींत लपून खेळत होता. आज तो पटाबाहेर उभा राहून डाव मांडून देत आहे.