रिळाची चौकट

गळाने मासे धरण्याची विद्या जितकी प्राचीन आहे तितका तिच्यातील रीळ हा जिन्नस प्राचीन नाही. आणि कोकणच्या किनाऱ्यावर, जेथे खडकावर बसून गरवणाऱ्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दोरा हातानेच सोडला आणि हातानेच ओढून घेतला, तेथे तर त्याचे आगमन अगदी अलीकडचे. तथापि त्याच खडकावर आज तंगूस भरलेले रीळ घेऊन उभा राहणारा मनुष्य दुकानात जो प्रश्न हटकून विचारतो, की चौकट धातूची घ्यावी की ग्रॅफाइटची, त्या प्रश्नामागे सुमारे दोनशे वर्षांचा कारागिरीचा इतिहास उभा आहे. चौकट हे रिळाचे सर्वांत दुर्लक्षित अंग होय. मूठ हाताला लागते, दोरा डोळ्यांना दिसतो, दातेरी चाकांचा आवाज कानांवर पडतो. चौकट मात्र या सर्वांना आपापल्या जागी धरून निमूटपणे बसलेली असते. पलीकडून मासा ओढ घेत असताना चाकांचे आस केसभरही ढळू न देणे, हे तिचे कर्तव्य. आणि तिच्यासाठी माणसाने जे जे द्रव्य निवडले ते या एका कर्तव्याच्या कसोटीवरच टिकले किंवा टाकले गेले.

रिळाचा सर्वांत जुना चित्ररूप दाखला चीनमधील आहे. दक्षिण सुंग राजवटीतील चित्रकार मा युआन याच्या, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या एका चित्रात, हिवाळ्यातील विस्तीर्ण नदीवर एकट्या नावेत ओणवून बसलेल्या धीवराच्या काठीला एक लहानसे चाक जोडलेले स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये या उपकरणाचा लेखी उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ सालच्या पुस्तकात येतो. ही आरंभीची चाके दोरा साठवण्यापुरतीच होती, आणि जेथे काम साठवणीचे तेथे लाकूडही पुरे पडते. ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅम शहराने एकोणिसाव्या शतकात लाकडी रिळांची मोठी परंपरा निर्माण केली. ती हलकी होती आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फिरत. परंतु लाकूड पाणी पिते, फुगते आणि वाकडे होते. म्हणून त्यांच्या पाठीवर चांदणीच्या आकाराची पितळी पट्टी ठोकावी लागली. हलके द्रव्य घ्यावे आणि त्याची उणीव धातूने भरून काढावी, ही तडजोड तेव्हापासूनची आहे.

रीळ हे साठवणीचे चाक न राहता अचूक यंत्र झाले ते अमेरिकेतील केंटकी प्रांतात, आणि तेही एका घड्याळजीच्या हातून. तेथील पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे रीळ घडविले, की ज्याची मूठ एकदा फिरविली असता दातेरी चाकांच्या योगे दोऱ्याची फिरकी अनेक वेळा फिरावी. पुढे त्याच प्रांतातील फ्रँकफर्ट येथील मीक आणि मायलम या घराण्यांनी हे कसब पूर्णत्वास नेले. दोन वाटोळ्या तबकड्या आणि त्यांना जोडणारे खांब, एवढीच त्यांची चौकट. पण ती पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची असे, कारण घड्याळजीला एक गोष्ट हाडीमासी ठाऊक होती, ती ही, की दोन चाकांचे दात एकमेकांत नेमके बसण्यासाठी ती ज्या पत्र्यात रोवलेली आहेत तो पत्रा अढळ पाहिजे. पितळ जड असते, पाण्याहून सुमारे साडेआठ पट. पण हातातील काठीला भार होतो म्हणून चाकांची संगती बिघडू देणे त्या कारागिरांना मान्य नव्हते.

हा भार हलका केला तो रसायनशास्त्राने. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, परस्परांना न कळत, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली, आणि पूर्वी मौल्यवान धातूंच्या पंक्तीला बसणारा हा धातू कारखान्यांच्या आवाक्यात आला. पितळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी वजनाचा हा धातू रीळ करणाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. इंग्लंडच्या उत्तरेस अॅल्निक येथील हार्डी बंधूंनी १८९१ साली बाजारात आणलेले ‘परफेक्ट’ रीळ आरंभी पितळेचे होते. पुढे त्याचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले आणि त्याच रूपात ते जगभर प्रसिद्धीस पावले.

समुद्रावर मात्र धातूला एक निराळा वैरी भेटला, तो म्हणजे मीठ. न्यूयॉर्कचे एडवर्ड व्हॉम होफ खाऱ्या पाण्यातील प्रचंड माशांसाठी रिळे करीत, तेव्हा त्यांच्या तबकड्या ते कठीण रबराच्या घालीत आणि कडांना जर्मन सिल्व्हरची वेढणी देत. फिलाडेल्फियात १९३२ साली स्थापन झालेल्या पेन कारखान्याने रबराच्या जागी बेकेलाइट आणले, परंतु धातूची कडी काढली नाहीत. कारण बेकेलाइट गंजत नाही हे खरे असले तरी आपटले की तडकते, हेही तितकेच खरे. धातू आणि अधातू यांचा जो वाद आज नवा म्हणून सांगितला जातो तो या कारागिरांनी आपल्या परीने पूर्वीच मिटविला होता.

रिळाच्या इतिहासात केंटकीच्या घड्याळजीच्या कसबासारखी परक्या धंद्यातील विद्या वारंवार उपकारक ठरलेली दिसते. ब्रॅडफर्ड येथील कापड-गिरणीचे मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी बॉबिनच्या टोकावरून सूत कसे सुटते याचे निरीक्षण करून १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाची सनद घेतली. स्वीडनमधील स्वँग्स्टा गावचा आबू कारखाना १९२१ साली घड्याळांसाठी निघाला, पुढे टॅक्सीचे मीटर करू लागला, आणि १९५२ साली त्याच घड्याळजीच्या शिस्तीतून त्याचे ‘अँबॅसडर ५०००’ हे धातूचे रीळ जन्मास आले.

ग्रॅफाइट आले ते विमानविद्येच्या वाटेने. विमानांसाठी सिद्ध केलेले कार्बनचे तंतू १९७३ साली अमेरिकेतील फेनविक कारखान्याने मासे धरण्याच्या काठीत घातले, आणि काठीचे ‘ग्रॅफाइट’ हे नाव पुढे रिळालाही चिकटले. वस्तुतः रिळाचे ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतील शिसे नव्हे, आणि काठीतील लांब, शिस्तीने मांडलेले तंतूही नव्हेत. कार्बनचे आखूड तुकडे नायलॉनसारख्या राळेत कालवून, तो तप्त रस साच्यात दाबून ही चौकट ओततात. ती अॅल्युमिनियमच्या निम्म्या वजनाची असते, साच्यातून तयारच निघते म्हणून स्वस्त पडते, आणि मिठाला तर मुळीच दाद देत नाही. पण ताठपणात ती अॅल्युमिनियमच्या बरीच मागे राहते.

या दोहोंतील अंतर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वाळूने भरलेल्या पिशवीला तंगूस बांधून रिळाची मूठ फिरवून पाहावी: धातूच्या रिळात हाताला केवळ जडपणा जाणवतो, पण साध्या ग्रॅफाइटच्या रिळात जोर वाढताच काठीला बसलेला रिळाचा पाय आणि अंग यांच्यामध्ये किंचित पीळ पडतो, चाकांचे दात तिरके घासू लागतात आणि मुठीतून एक बारीक खरखर तळहाताला पोहोचते. उलट, दोन पावसाळे खाऱ्या वाऱ्यात काढलेले अॅल्युमिनियमचे रीळ उघडावे: रंगाचा पापुद्रा जेथे उडाला तेथे, आणि विशेषतः पोलादी स्क्रूच्या माथ्याभोवती, पांढरी पूड साचलेली दिसते, कारण दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरले की त्यांतील हलका धातू झिजत जातो. असा स्क्रू पुष्कळदा फिरतच नाही, त्याचा माथा तुटून हातात येतो.

उत्पादकांनी अलीकडे हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. शिमानोचे सीआयफोर आणि दायवाचे झायॉन ही कार्बनयुक्त द्रव्ये जुन्या ग्रॅफाइटहून कितीतरी ताठ आहेत. तरीही शिमानोने आपले समुद्रावरील जड शिकारीचे अव्वल रीळ, स्टेला एसडब्ल्यू, अॅल्युमिनियमच्याच अंगाचे ठेवले, यात नॉटिंगहॅमच्या पितळी चांदणीपासून चालत आलेला अनुभव बोलतो आहे.

म्हणून खाडीच्या तोंडाशी जिताडा किंवा तांबोशी गरवणाऱ्याने, ज्याला तासन्‌तास काठी हाती धरावयाची आहे आणि ज्याच्या घरी रीळ रोज गोड्या पाण्याने धुण्याची सवड नाही, त्याने ग्रॅफाइट निःशंक घ्यावे. आणि खोल पाण्यात खडकाच्या कपारीतून गोबरा उपसून काढणाऱ्याने धातूचा भार सोसावा, व घरी परतल्यावर रीळ धुऊन, पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवण्याचा नेम मोडू नये. एकाचा वैरी मीठ आहे, दुसऱ्याचा ओढ. केंटकीच्या घड्याळजीने पितळेचे ओझे पत्करले ते मुठीत खरखर जाणवू नये एवढ्याचसाठी. आज दुकानात दोन्ही रिळे हाती घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने तोलून पाहावयाचे आहे ते तेवढेच.