धुळ्याच्या गाडीचं दप्तर

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक तरुण माझ्याकडे आला होता. रेल्वेचं वेड असलेला. इंजिनांचे नंबर त्याला तोंडपाठ. त्यानं विचारलं, "सर, चाळीसगाव-धुळे लाइनवर जुनं असं बघण्यासारखं काय उरलंय?" मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला; पण उत्तर पटकन सुचलं नाही.

मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे आमच्या गावात फार लवकर आली, 1860 च्या दशकाच्या आरंभीच. थळ घाटाचा चढ पुरा झाला तो 1865 मध्ये. म्हणजे आमच्याकडे रूळ आधी पडले आणि मुंबईशी ते अखंड जोडले गेले नंतर! चाळीसगावहून हे रूळ जळगाव-भुसावळकडे वळले आणि जिल्ह्याचं ठाणं असलेलं धुळं बाजूलाच राहिलं. धुळ्याचा वकील असो, कारकून असो की कापसाचा व्यापारी, त्यानं चाळीसगावला उतरायचं आणि पुढचे पस्तीस मैल टांग्यानं नाहीतर बैलगाडीनं खडखडत जायचं. ही अडचण दूर करणारी शाखा उघडली 1900 मध्ये. ते साल ऐकून जुनी माणसं दचकतील. संवत 1956 चा, ज्याला आपण छप्पन्नचा दुष्काळ म्हणतो, त्याचाच तो काळ. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, मोहाडी अशी लहान लहान स्टेशनं घेत ही गाडी तेव्हापासून जाते-येते आहे.

आता एक गंमत पाहा. शेजारच्या पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोट्या रुळांची 'पीजे' 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि त्या रूपात पुन्हा धावली नाही. तिच्याबद्दल लोक हळहळले. फोटो निघाले, आठवणी लिहिल्या गेल्या. आमची धुळ्याची गाडी मात्र चालूच आहे. कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल गेलं, तारा आल्या, 2021 मध्ये मेमू आली. प्रवाशांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण प्रत्येक बदलात मागचं काहीतरी मुकाट्यानं निघून गेलं. पुठ्ठ्याची तिकिटं गेली, रॉकेलच्या हातबत्त्या गेल्या, नोंदवह्या गेल्या. गाडी बंद पडली तर माणसं निदान रडतात. चालू गाडीचा इतिहास हरवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? माझे आजोबा याच शाखेवर गँगचे मुकादम होते. त्यांच्यामागे घरात तीन वस्तू राहिल्या होत्या. लाल-हिरव्या काचेची बत्ती, पितळी बिल्ला आणि मोडीत लिहिलेली एक जाड वही. कुठल्या साली कुठली मोरी पुरानं भरली, कुठं भराव खचला, कोण कामावर आलं नाही, असं त्यात असल्याचं वडील सांगत. आमचं धाब्याचं घर पाडलं तेव्हा बत्ती आणि बिल्ला मीच भंगारवाल्याला दिले. वही किराणा दुकानात पुड्या बांधायला गेली. घरात मोडी कोणाला येत नव्हती. तेव्हा मी इतिहासाचा शिक्षक होतो, हे मुद्दाम सांगतो.

ती वही आज का हवी होती, तेही सांगतो. 1929 च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शाखेनं प्रवास करून गेले. सरकारनं नेमलेल्या एका समितीचे ते सदस्य होते. धुळ्याकडच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते परतीच्या गाडीनं चाळीसगावला उतरले. इथल्या दलित वस्तीतल्या लोकांनी त्यांना हार घातला, रात्री मुक्कामाला चला म्हणून आग्रह केला. वस्ती चालत जाण्यासारखी होती. पण पाहुण्याला पायी कसं न्यायचं? स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ होते. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार होईना. तासभर बाबासाहेब फलाटावर थांबून राहिले. अखेर तोडगा निघाला तो असा: टांगा मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकायची सवय नसलेल्या एकानं लगाम धरला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोड्यासकट टांगा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. हे सारं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आजोबा तेव्हा याच लाइनवर नोकरीला होते. गावात त्या रात्री काय बोललं गेलं, ते त्यांनी नक्की ऐकलं असणार. मी कधी विचारलं नाही. आणि त्या सालची वही आता नाही.

पुण्याच्या पाहुण्याला मी मग फलाटावर नेलं आणि हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. इंजिनाविषयी त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. तिथून आम्ही स्टेशनाजवळच्या केकी मूस यांच्या वास्तूत गेलो. 1912 साली जन्मलेला हा जगप्रसिद्ध छायाचित्रकार जवळजवळ सारं आयुष्य त्या घरात राहिला. पंजाब मेलनं आपली प्रेयसी येईल म्हणून ते रोज रात्री दार उघडून वाट पाहत, असं गावात सांगतात. 1989 मध्ये ते गेले. त्यांचं घर आणि संग्रह मात्र गावानं जपला.

आणि शाखेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवली, त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बावीस खंडांत छापली. 1926 मध्ये धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. समर्थ वाग्देवता मंदिरही तिथंच, रामदासी बाडांनी भरलेलं. दोन्ही टोकांना अशी जपणारी माणसं, आणि मधल्या पस्तीस मैलांचं दप्तर बांधायला कोणी नाही! पेशव्यांच्या खलित्याला आपण साधन म्हणतो. मुकादमाच्या वहीला रद्दी.

म्हणून गेलं वर्षभर रविवारी मी या स्टेशनांच्या गावांत जातो. निवृत्त गँगमन, गेटमन, हमाल, चहावाले यांच्याशी बोलतो, लिहून घेतो. टांगेवाल्यांच्या नातवंडांनाही विचारतो. काही बोलतात, काही विषय बदलतात. तेही मी टिपून ठेवतो.

मागच्या महिन्यात एका घरी फळीवरून पत्र्याची पेटी निघाली. घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "हाई काय कामनं शे?" आत चार पुठ्ठ्याची तिकिटं, एक शिट्टी आणि मोडीतले काही कागद होते. कुणाचे, कधीचे, मला वाचता आलं नाही. धुळ्याला मोडी वाचणारे एक स्नेही आहेत. येत्या मंगळवारी सकाळच्या मेमूनं ते कागद घेऊन जाणार आहे.